मागच्या सीटवरचे एक्क्याण्णव किलो

वैदेही कुबलने वॉटर स्कूटरचा पंप त्या शनिवारी तीनदा तपासला. तिन्ही वेळा खाडीत फेरी मारून आली, आणि तिन्ही वेळा पडद्यावरचा आकडा सातच्या वरच राहिला. हवा होता तीनच्या आत.

सोमवारी अकरा वाजता बंदर खात्याच्या अधिकारी तपासणीला येणार होत्या. खाजणवाडीच्या खाडीत डॉल्फिन येतात आणि डॉल्फिनचे कान नाजूक, म्हणून गेल्या वर्षीपासून नियम झाला होता की पाण्यात पळणाऱ्या प्रत्येक यंत्राची थरथर मोजायची. तिला कागदोपत्री 'कंपांक' म्हणत. तीनच्या खाली असला तर परवाना, नाहीतर यंत्र शेडमध्ये. पेट्रोलच्या स्कूटरी केव्हाच बंद झाल्या होत्या. बॅटरीवरची मोटार इतकी गुपचूप चाले की थरथर आली तर ती पंपाचीच, आणि दोष आला तर तो पंप बसवणाऱ्याच्याच माथी.

पंप बसवला होता वैदेहीने. छत्तीस वर्षांची ही बाई किनाऱ्यावरची कुठलीही बिघडलेली मोटार बरी करते म्हणून लोक तिला 'वैदू' म्हणत. तिने या वेळी जे केलं होतं ते मालवण तालुक्यात कुणी केलं नव्हतं. तिने पंप राळेवर बसवला होता.

वॉटर स्कूटरला होडीसारखा बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, एका नळकांड्यात पंखा ते पिळून मागे फेकतो, आणि त्या धारेच्या जोरावर स्कूटर पुढे सुटते. पंखा आणि नळकांडं यांच्यात फट असते दोन-तीन केसांएवढी. मोटारीचा दांडा आणि पंपाचा दांडा एका रेषेत असले तर ठीक. ती रेषा अर्धा मिलिमीटर जरी चुकली तरी पंखा घासतो, फट वाढते, पाण्याला फेस येतो आणि सगळी स्कूटर ताप चढल्यासारखी थरथरते. म्हणून पंप बसवताना जुने मेस्त्री मागच्या बाजूने एक सरळ सळई आत घालत. ती मोटारीच्या तोंडात अलगद गेली तर पंप सरळ. अडकली तर पंपाखाली पातळ पत्र्याची चकती सरकवायची, पुन्हा सळई घालायची, पुन्हा चकती. दिवस जाई.

तिचे बाबा, विश्राम कुबल, हे काम डोळे मिटून करत. पण आता ते सहासष्ट वर्षांचे होते आणि त्यांचे हात कापत. पंपाच्या कामाला ते बसत नसत, नुसते शेजारी बसून नावं ठेवत.

राळ पुण्याकडच्या एका छोट्या कंपनीने काढली होती. तिचं तत्त्व स्वयंपाकघरातलंच. डब्यात तांदूळ भरताना आपण डबा आपटतो. आपटला की दाणे सैल होऊन घसरतात आणि नीट अडकून बसले की हलत नाहीत. या राळेतही तसेच अतिसूक्ष्म दाणे होते. पंप आणि स्कूटरचा तळ यांच्यामध्ये ती भरायची आणि स्कूटर चालवायची. जिथे थरथर जास्त तिथे दाणे सैल होऊन पंपाला केसभर सरकू देतात, जिथे थरथर कमी तिथे घट्ट होतात. म्हणजे पंप स्वतःच हलत हलत आपली सरळ जागा शोधतो. चाळीस तास चालवली की राळ दगडासारखी होते, आणि मग ती नव्वद अंशाला तापवल्याशिवाय सुटत नाही.

"पंप काय पीठ मळून बसवतत?" बाबांनी विचारलं होतं. पण ते चाळीस तास खाडीत चालवायचं काम त्यांनीच हौसेने मागून घेतलं. रोज सकाळी सहा ते आठ, वीस दिवस. वैदेहीला बरंच वाटलं. आई गेल्यापासून ते घरात नुसते बसून असत. हसणं तर नाहीच.

आणि आता आकडा सात. तिने जुनी सळई काढून आत घातली. सळई अडकली. राळेने पंप अर्धा मिलिमीटर वाकडा बसवून पक्का केला होता.

किनाऱ्यावरच्या अठरा होडीवाल्यांनी वैदेहीला सांगून ठेवलं होतं, तुझी स्कूटर पास झाली की आमचेही पंप राळेवर बसव. नाही झाली तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडे केतकी नावाची इंजिनिअर होती, तरुण आणि उत्साही. स्कूटरच्या तळात केसासारखे काचेचे धागे पुरलेले होते, तळ कुठे किती वाकतो ते नोंदवणारे. त्या वीस दिवसांच्या नोंदी वैदेहीने पाठवल्या.

"मॅडम, पंप अगदी बरोबर बसलाय," केतकी म्हणाली.

"वाकडा आहे."

"तुमच्यासाठी वाकडा. माणूस बसला की तळ थोडा वाकतो ना, त्या वाकलेल्या तळावर राळेने पंप सरळ केलाय. चाळीस तास जे बसले होते त्यांच्या वजनाला तो जुळलाय. पुढे चौसष्ट किलो."

"ते माझे बाबा."

"आणि मागे एक्क्याण्णव."

वैदेहीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मागे कोणी नव्हतं."

"वीसच्या वीस दिवस होतं. एक्क्याण्णव किलो, चार बोटं डावीकडे कललेलं."

"सामान असेल."

"सामान नाही मॅडम," केतकी जरा संकोचून म्हणाली. "दर दोन-तीन मिनिटांनी मागच्या वजनाला सेकंदाला पाच असे बारीक हेलकावे येतात. पाठोपाठ पुढच्यालाही येतात. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही याला हसणं म्हणतो."

जेवताना वैदेहीने ताटावरून नजर न काढता विचारलं, "बाबा, स्कूटरवर मागे काय होता?"

विश्रामनी माशाचा काटा काढायला नको तितका वेळ घेतला. "रेतीची पोती. वजन होया म्हणून."

"पोती हसतत?"

यावर ते उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ हातच धूत राहिले.

मग वैदेहीच्या डोक्यात नको ते चक्र सुरू झालं. पहाटेची वेळ, एकान्त, खाडी, हसणं. रविवारी सकाळी ती सुलभा तांडेलांच्या खानावळीत जाऊन बसली. सुलभाताई विधवा होत्या, अंगाने भरलेल्या होत्या, आणि बाबा रोज सकाळी त्यांच्याकडून घावणे नेत, एवढं तिला ठाऊक होतं. तिने हवापाण्याचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, मग म्हणाली, "सुलभाताई, तुमका पाण्यावर फिरूक बरा वाटता काय?"

सुलभाताईंनी कालथा खाली ठेवला. "वैदू, तू माझा वजन इचारतंस काय गो?"

"तसा नाय."

"तसाच. गावात बोंब झाली असा, कुबलांची पोर मोठी माणसां शोधता म्हणान. सकाळी त्या पोस्टमनाक पण तू स्कूटरवर बसवलंस." हे खरं होतं. पोस्टमन अठ्ठ्याऐंशी किलोचा होता, पण तो नीट मध्यभागी बसत असल्यामुळे आकडा पाचाखाली उतरला नव्हता. "तुझो बापूस माझ्या सोलकढीक पाणी म्हणता. तेच्या पाठी मी बसतलंय?"

"मगे तो घावणे कोणासाठी नेता?"

"माका काय म्हायत. चार नेता. दोन बिनमिठाचे."

बिनमिठाचे घावणे खाणारी, एक्क्याण्णव किलोची, डावीकडे कलून हसणारी बाई वैदेहीला साऱ्या खाजणवाडीत आठवेना. ती घरी आली तर बाबा ओट्यावर तिची वाट बघत बसले होते.

"लगीन करूचा नाय," ते म्हणाले. "तेवढा तू मनातून काढ."

"माका फक्त उद्या अकरा वाजता तो माणूस स्कूटरवर होयो. नायतर माझा नाव जाता."

"तेका इचारूक होया," बाबा म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. कुणाला, ते सांगितलं नाही.

सोमवारी अधिकारी बरोबर अकराला आल्या. तहसीन मुजावर त्यांचं नाव. बारीक अंगाच्या, काटेकोर, आणि सारखी घड्याळाकडे बघायची सवय असलेल्या. त्यांच्याबरोबर कंपांक मोजणारं एक यंत्र होतं, ते त्यांनी धक्क्याच्या पायरीवरून पाण्यात सोडलं.

किनाऱ्यावर गर्दी होती, आणि ती दोन तुकड्यांत उभी होती. याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत या वाळूवर एकच शेड होती, 'कुबल-मेथर मरीन'. विश्राम कुबल आणि लवू मेथर लहानपणापासूनचे दोस्त. विश्रामनी पंप सरळ करायचा, लवूंनी बाकीचं सांभाळायचं. मग एका जत्रेच्या दिवशी त्यांनी जत्रेच्या प्रमुख पाहुण्यांना नव्या स्कूटरवर बसवलं. पाहुणे फेट्यासकट खाडीच्या मध्यावर गेले आणि तिथे सावकाश, हात हलवत, बुडाले. पाणी गळ्यापर्यंतच होतं म्हणून वाचले. पंप आणि तळाच्या जोडावर सिलिकॉन लावायचं राहिलं होतं. विश्राम म्हणाले, ते लवूचं काम. लवू म्हणाले, विश्रामचं. दोघांनी बोलणं टाकलं ते कायमचं. शेडच्या दोन शेडी झाल्या, वाळूची वाटणी झाली, गाव दोन्हीकडे वाटलं गेलं, आणि लवूंची मुलगी ऋतुजा, जिच्याबरोबर वैदेहीने बालवाडीपासून एका बाकावर बसून शाळा केली होती, ती समोरच्या शेडमधली परकी बाई झाली. अकरा वर्षांत दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

विश्राम एकटेच स्कूटरवर बसले. फेरी झाली. मुजावर मॅडमनी यंत्र बघितलं. "सहा पूर्णांक नऊ," त्या म्हणाल्या. "यात पास करण्यासारखं काही नाही."

मेथरांच्या बाजूने कुणीतरी खाकरलं. वैदेहीला कानांमागे ऊन लागल्यासारखं झालं.

"मॅडम, ही दोघांची स्कूटर आहे," ती म्हणाली. "नियमात चालक आणि एक प्रवासी असं आहे."

"मग प्रवासी आणा."

प्रवासी नव्हता. बाबा पाण्यात स्कूटरवर मान खाली घालून बसले होते आणि समोरच्या वाळूकडे चोरून बघत होते. वैदेहीनेही तिकडे बघितलं. मेथरांच्या शेडमधून लवू मेथर बाहेर येत होते. अंगात लाइफ जॅकेट, तेही नीट पट्टे आवळलेलं. त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे, म्हणून ते चालताना डावीकडे झुकत. चपला त्यांनी पाण्याच्या कडेला काढून ठेवल्या, दोन्ही बाजूंच्या गर्दीमधून सरळ चालत गेले, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून स्कूटरवर टाकला, आणि विश्रामच्या मागे बसले. सराव असल्यासारखे.

किनाऱ्यावर आपण कुठल्या बाजूने बोलायचं हेच कुणाला कळेना.

"प्रवाशाचं नाव?" मुजावर मॅडमनी विचारलं.

विश्रामनी घसा साफ केला. हे नाव त्यांनी चारचौघांत अकरा वर्षांत घेतलं नव्हतं. "लवू सखाराम मेथर."

"चालकाशी नातं?"

"लिवा, भागीदार," लवू म्हणाले.

"खयचो भागीदार? भागीदारी मोडली."

"मगे माजी भागीदार लिवा."

"माजी लिवलास तर लोक काय म्हणतले?"

मुजावर मॅडमनी घड्याळ बघितलं. "मी परिचित लिहिते. सुरू करा."

स्कूटर सुटली. वैदेहीने आयुष्यभर पंप ऐकले होते, पण असा ऐकला नव्हता, कारण ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. पाणी नुसतं दुभंगत गेलं. मध्यावर जाऊन ती वळली, आणि वळताना मागचा माणूस पुढच्याच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि दोन्ही म्हाताऱ्यांचे खांदे गदागदा हलले.

"एक पूर्णांक चार," मुजावर मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच जरा थांबल्या. "या किनाऱ्यावरचा सगळ्यात कमी आहे."

हकिकत नंतर धक्क्यावर बाहेर आली. आठ महिन्यांपूर्वी दोघांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कणकवलीच्या एकाच दवाखान्यात, एकाच दिवशी झाली. बाकावर शेजारी बसवलेले, एकाचा डावा डोळा बांधलेला, दुसऱ्याचा उजवा, आणि बांधलेल्या बाजूच एकमेकांकडे. अर्धा तास दोघे न ओळखता पंपांवर बोलत होते. शेजारचा इसम मोठा जाणकार आहे असं प्रत्येकाला वाटलं. नर्सने नाव पुकारलं तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून दोघे खाडीच्या वळणाआड चोरून भेटत, आणि बिनमिठाचे घावणे लवूंच्या रक्तदाबापायी होते.

"आणि सिलिकॉन कोणी लावूचा होता?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. दोन्ही बाजू ते ऐकायला पुढे सरकल्या.

"ता आता दोघांकव आठवणा नाय," लवू म्हणाले.

अकरा वर्षं ज्यांनी आपापली बाजू लावून धरली होती त्यांना हे उत्तर अजिबात आवडलं नाही. दोन-चार जण तर वैतागून घरी गेले.

वैदेही हसली नाही. तिने बाबांना शेडमध्ये नेलं. "आठ महिने," ती म्हणाली. "माका कित्याक सांगूक नाय?"

विश्राम हत्यारांच्या फळीकडे बघत राहिले. "सांगूचा कसा? तू माझ्यासाठी भांडत होतंस. ऋतू समोरून गेली तर तू तोंड फिरवतंस, ती माझ्यासाठी. आता तुका म्हणू, की माझा भांडण संपला, तुझा तू बघ?"

"लवूकाकांनी घरी काय सांगितल्यानी?"

"योगाक जातंय म्हणान."

ती बाहेर आली तर मुजावर मॅडम कागद घेऊन उभ्या होत्या. परवाना होता, पण खाली एक ओळ होती: सदर यान केवळ श्री. कुबल व श्री. मेथर यांनी, त्याच क्रमाने बसून वापरावे.

"मॅडम, ही पर्यटकांसाठी आहे."

"तुमच्या राळेबद्दल मी वाचून आले आहे," त्या म्हणाल्या. "चांगली आहे. पण ती ज्यांनी चालवली त्यांचीच होते. पर्यटकांसाठी हवी तर तापवून पुन्हा बसवा, आणि या वेळी चाळीस तास वेगवेगळी माणसं बसवा. बारीक, जाड, सगळी. मग ती कुणा एकाची राहणार नाही. महिन्याने मी परत येते."

सल्ला खरा होता. राळेसोबत आलेल्या पुस्तिकेत 'सर्वसाधारण वापर करावा' एवढंच छापलं होतं, आणि सर्वसाधारण माणूस म्हणजे कोण, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. आता खाजणवाडीतली सगळी वजनं लागणार होती. निम्मं गाव कुबलांकडचं, निम्मं मेथरांकडचं. मेथरांकडचं गाव बोलवायचं तर ते एकच माणूस बोलावू शकत होतं, ऋतुजा.

वैदेही वाळू ओलांडून मेथरांच्या शेडशी गेली. दोनशे पावलं होती. आत ऋतुजा रंगाच्या डब्यावर बसून एका होडीच्या तळाला पॉलिशचा कागद घासत होती. तिने वर बघितलं, पण घासणं थांबवलं नाही.

"माका म्हणालो, योगाक जातंय," ऋतुजाच आधी बोलली. "मी चटई आणून दिलंय. निळी. रोज गुंडाळून घेऊन जाय."

"माका रेतीची पोती सांगितल्यान."

"एक्क्याण्णव किलोचो योगी." ऋतुजाने कागद उलटा केला. "वजन एक रती कमी झाला नाय, तेव्हाच माका कळूक होया होता."

वैदेही दारातच उभी होती. जे बोलायला ती आली होती ते राळेचं होतं, माणसांच्या यादीचं होतं. तोंडातून आलं ते निराळंच.

"आई गेली तेव्हा तू दारात इललंस. मी वर बघूक नाय."

कागद थांबला.

"माका वाटला, तू तशीच परत गेलंस," वैदेही म्हणाली. "मी मागून बघितलंय तर दारात कोण नाय."

"परत खय जातलंय? मागच्या दारान आत गेलंय. चुलीकडे कोण नव्हता. तीन दिवस मीच रांधलंय. तुमच्याकडची माणसां माका बघून गप रवली. तुका कोणी सांगूक नाय?"

"नाय."

"तू जेवलंस पण."

वैदेहीला ते दिवस धूसर आठवत होते. कुणीतरी पान पुढे ठेवलं होतं, कुणीतरी घास घे म्हणालं होतं. एवढं मात्र तिला स्पष्ट आठवत होतं, आणि खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता.

"भात कच्चो होतो," ती म्हणाली.

ऋतुजाने हातातला कागद खाली ठेवला, कमरेला हात पुसले आणि तिच्याकडे नीट, अकरा वर्षांनी पहिल्यांदा, समोरून बघितलं.

"रागान रांधलेलो भात मऊ खयसून होतलो?" ती म्हणाली, आणि बसायला दुसरा डबा पुढे ओढला.